त्या फोटोने सुरुवात करू नकोस: मेक्सिको १९६८ वर डॉक्युमेंट्री करणाऱ्याला एका एडिटरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला पंचवीस मिनिटांची डॉक्युमेंट्री करायचीय, विषय नागरी हक्कांसाठी उभे राहिलेले खेळाडू. सुरुवात १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधल्या फोटोने करायचीय, म्हणजे पोडियमवर काळ्या हातमोज्यांतल्या मुठी वर करून उभे असलेले टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे दोन काळे अमेरिकन धावपटू, आणि पोडियमवरच्या तिसऱ्या, गोऱ्या माणसाची जी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती खरी आहे का, आणि ती मध्यभागी ठेवली तर चालेल का. शिवाय गाइड म्हणतायत की काहीतरी आपल्याकडचं पण हवं.

मी एडिटर आहे, तेवीस वर्षं डॉक्युमेंट्रीच कापतेय (फिक्शन दोनदा केलं, दोन्ही वेळा पस्तावले), त्यामुळे उत्तर एडिटिंग टेबलवरूनच येणार. आणि पहिलंच सांगते, फोटोने सुरुवात करू नकोस.

कारण सोपं आहे. लाइफ मासिकाच्या जॉन डॉमिनिसचा तो फोटो इतका पूर्ण आहे की तो पहिल्या फ्रेमला आला की बघणाऱ्याला वाटतं झालं, समजलं, दोन शूर माणसं, एक क्षण, टाळ्या. मग पुढची चोवीस मिनिटं तू त्या फोटोचं कॅप्शन लिहीत बसतोस. मी स्वतः हे केलंय. एका चॅनेलसाठी क्रीडा मालिकेचा एपिसोड कापत होते, पहिल्या सेकंदाला फोटो, ढोल, मूठ हळूहळू झूम. वरून प्रोमोसाठी उभा क्रॉप मागितला गेला आणि उभ्या क्रॉपमध्ये डावीकडचा गोरा माणूस मावेना म्हणून तो सरळ कापला गेला, माझ्याच हाताने, आणि टीममधल्या एकालाही काही खटकलं नाही, मलासुद्धा नाही. नंतर चार-पाच वर्षांनी कळलं की आपण कोणाला कापलं. तेव्हापासून कुठलाही फेमस फोटो हातात आला की मी आधी बघते की फ्रेमच्या बाहेर काय राहिलंय.

तर बाहेर काय काय आहे ते बघू.

सगळ्यात आधी आवाज. फोटोला आवाज नसतो, हे तुझ्यासाठी सगळ्यात मोठं भांडवल आहे. तो गोरा धावपटू म्हणजे ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, रौप्यपदकवाला. फोटोत तो सगळ्यात पुढे आहे, तिघांचीही तोंडं झेंड्यांकडे, म्हणजे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस त्याच्या पाठीमागे. मुठी वर गेल्या त्या त्याला दिसल्याच नाहीत! त्याने नंतर सांगितलंय की गर्दीतून कोणीतरी अमेरिकन राष्ट्रगीत म्हणत होतं आणि तो आवाज हळूहळू विरून गेला, स्टेडियम गप्प झालं, त्यावरून त्याला कळलं की ठरल्याप्रमाणे केलं दोघांनी. हे वाच आणि सांग, कुठला एडिटर इथून सुरुवात करणार नाही? काळी फ्रेम, राष्ट्रगीत, एक गाणारा आवाज, तो थांबतो. फोटो नाहीच. हुर्यो पण उडाली, शिव्या पण पडल्या, ते सगळं आहे, पण आधी ती शांतता.

आता रेस. १६ ऑक्टोबर १९६८, दोनशे मीटरची फायनल. स्मिथ सेमीफायनलमध्ये जांघेत दुखावला होता, फायनल धावेल की नाही याचीच शंका होती. धावला, १९.८३ सेकंद, वीसच्या आत आलेली पहिली विश्वविक्रमी धाव, आणि शेवटचे काही मीटर तर दोन्ही हात वर करून. नॉर्मन वळणावरून बाहेर पडताना बराच मागे होता, शेवटच्या टप्प्यात त्याने कार्लोसला गाठलं, २०.०६. कार्लोस २०.१०. नॉर्मनचा तो २०.०६ ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून छप्पन्न वर्षं टिकला, डिसेंबर २०२४ मध्ये गाउट गाउट या पोराने २०.०४ मारून तो मोडला. हे तुझ्या फिल्ममध्ये कुठेतरी बारीक टायटल म्हणून टाक, भाषणबाजी न करता ते बरंच काही सांगून जातं.

पोडियमवरच्या वस्तू मात्र निवांत दाखव, इथे घाई नको, क्लोजअपला भरपूर जागा आहे. बूट काढून फक्त काळे मोजे, ते काळ्या वस्तीतल्या गरिबीसाठी. स्मिथच्या गळ्यात काळा स्कार्फ. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ, झुंडीने मारलेल्या, फासावर लटकवलेल्या माणसांची आठवण म्हणून, आणि जॅकेटची चेन उघडी, जी ऑलिम्पिकच्या शिस्तीत बसत नव्हती, ती कष्टकरी लोकांसाठी. स्मिथची उजवी मूठ, कार्लोसची डावी. यावर खूप काव्य लिहिलं गेलंय आणि स्मिथने स्वतःही टीव्हीवर अर्थ सांगितला की उजवी ताकदीची, डावी एकीची. पण मूळ गोष्ट काय, कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता, जोडी एकच होती, आणि एकेक वाटून घाला ही आयडिया नॉर्मनची. मला हा तपशील फार आवडतो कारण इतिहासातला एवढा मोठा फोटो अर्धा विसरभोळेपणावर उभा आहे. आणि स्मिथने पुढे स्पष्ट म्हटलंय की तो ब्लॅक पॉवरचा (म्हणजे काळ्यांच्या त्या काळच्या जहाल चळवळीचा) सॅल्यूट नव्हता, मानवी हक्कांचा होता, त्यामुळे तुझ्या व्हॉइसओव्हरमध्ये ‘ब्लॅक पॉवर सॅल्यूट’ डोळे झाकून लिहू नकोस.

तिघांच्याही छातीवर एक गोल बिल्ला आहे, झूम कर त्याच्यावर. खरी डॉक्युमेंट्री त्या बिल्ल्यात आहे, मुठीत नाही.

तो बिल्ला ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्सचा. ही संघटना १९६७ च्या शरदात सॅन होजे स्टेट कॉलेजमध्ये उभी राहिली, पुढे होता हॅरी एडवर्ड्स, तिथलाच समाजशास्त्र शिकवणारा तरुण मास्तर, स्वतः माजी खेळाडू. त्या कॉलेजला स्पीड सिटी म्हणायचे, कोच बड विंटरच्या हाताखाली जगातले सगळ्यात वेगवान धावपटू तिथे तयार होत होते, आणि त्याच गावात काळ्या विद्यार्थ्यांना भाड्याने खोली मिळत नव्हती. ट्रॅकवर टाळ्या, घरमालकाच्या दारात नकार. (ओळखीचं वाटतंय ना? त्याच्याकडे खाली येते.) आधी त्यांनी कॉलेजच्या पातळीवर आंदोलनाची धमकी दिली, सीझनची पहिली फुटबॉल मॅच रद्द करावी लागली, आणि तेव्हा लक्षात आलं की खेळाडू जागेवरून हलला नाही की व्यवस्था हलते. मग मागण्यांची यादी झाली: मुहम्मद अलीचं विजेतेपद परत द्या (सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये काढून घेतलं होतं), गोऱ्यांची वर्णद्वेषी राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला (आजचा झिम्बाब्वे) ऑलिम्पिकबाहेर ठेवा, काळे कोच नेमा, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज याला हटवा. मार्टिन ल्यूथर किंग यांनी जाहीर पाठिंबा दिला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबच्या शताब्दीच्या मीटवर बहिष्कार टाकला, कारण काय तर क्लब काळ्यांना आणि ज्यूंना सभासद करत नव्हता पण धावायला काळे पाहिजे होते, तो बहिष्कार इतका चालला की सोव्हिएत संघसुद्धा आला नाही.

ऑलिम्पिकवरच्या बहिष्काराचं मात्र जमलं नाही. बऱ्याच जणांना वाटलं चार वर्षांची मेहनत घालवायची का, घरची परिस्थिती, एकच संधी. बास्केटबॉलवाला लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, गेलाच नाही, पण बाकीचे गेले आणि ठरलं की ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने काय ते करावं. दक्षिण आफ्रिकेची मागणी तेवढी पूर्ण झाली, ती पण आफ्रिकन देशांनी आम्हीच येत नाही म्हटल्यावर. म्हणजे तो फोटो हा विजयाचा फोटो नाही रे, एका फसलेल्या बहिष्कारातून जे उरलं त्याचा आहे. ही एक ओळ तुझ्या फिल्मचा कणा होऊ शकते. त्यात एप्रिलमध्ये किंग यांचा खून, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचा, आणि २ ऑक्टोबरला, उद्घाटनाच्या बरोबर दहा दिवस आधी, मेक्सिको सिटीतच त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. त्या रक्ताच्या वासात स्पर्धा सुरू झाल्या. बऱ्याच अमेरिकन फिल्म्स हे दोन वाक्यांत उरकतात, तू निदान एक मिनिट दे.

ब्रंडेजबद्दल. व्हिलन म्हणून तो आयता मिळतो, सावध राहा, पण एक जोड इतकी चपखल आहे की वापरच: १९३६ च्या बर्लिनला हाच माणूस अमेरिकन ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता, बहिष्काराला त्याने कडाडून विरोध केला, आणि तिथल्या नाझी सलामीबद्दल त्याची तक्रार नव्हती. मेक्सिकोत मात्र दोन मुठी त्याला राजकारण वाटल्या. अमेरिकन समितीने आधी नुसती माफी मागून भागवायचं बघितलं, तर वरून, ब्रंडेजच्या आंतरराष्ट्रीय समितीकडून, धमकी आली की सगळी ट्रॅक टीम घालवू, मग दोघांना निलंबित करून क्रीडाग्रामातून बाहेर काढलं. पदकं मात्र काढून घेतली नव्हती. ही फॉरवर्डमधली नेहमीची थाप आहे, तुझ्या स्क्रिप्टमध्ये आली तर मी मार्क कापीन.

आता नॉर्मन. फॉरवर्डमधली गोष्ट अशी असते: गोऱ्या माणसाने बिल्ला लावला, देशाने त्याच्यावर कायमची बंदी घातली, तो विस्मृतीत मेला, आणि त्याची शवपेटी त्या दोघांनी खांद्यावर घेतली. यातली शेवटची गोष्ट शंभर टक्के खरी, ऑक्टोबर २००६ मध्ये तो मेलबर्नला गेला आणि स्मिथ-कार्लोस अमेरिकेहून येऊन पुढे खांदेकरी झाले. बिल्ला पण खरा. तो सॅल्व्हेशन आर्मीच्या घरातला, फक्त गोऱ्यांनाच देशात स्थायिक होऊ देण्याच्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणावर त्याचा राग होता, आणि कार्लोस सांगतो त्याप्रमाणे मानवी हक्क मानतोस का असं विचारल्यावर तो म्हणाला मी तुमच्याबरोबर उभा राहतो. बिल्ला त्याने मागून घेतला तो पॉल हॉफमनकडून, हार्वर्डच्या नौकानयन संघाचा गोरा कॉक्स (नावेची दिशा सांभाळणारा), आणि या हॉफमनला बिल्ला दिल्याबद्दल स्वतःच्या फायनलच्या तोंडावर चौकशीला उभं केलं गेलं. हा माणूस जवळजवळ कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतो.

पण कायमची बंदी? नाही. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुलात तो ऑस्ट्रेलियाकडून धावलाय. खरा वाद १९७२ च्या म्युनिकचा आहे: पात्रतेची वेळ त्याने अनेकदा दिली होती तरी त्याला नेलं नाही. ऑस्ट्रेलियन ऑलिम्पिक समिती म्हणते की निवड चाचणीत तो तिसरा आला, शिक्षेचा प्रश्नच नाही. दुसऱ्या बाजूला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याच्या वागणुकीबद्दल त्याची मरणोत्तर माफी मागितली, आणि २०१८ मध्ये त्याच समितीने त्याला मरणोत्तर सन्मान दिला. आता हे दोन्ही बाइट शेजारी शेजारी ठेव आणि गप्प बस. निकाल तू देऊ नकोस. ‘सॅल्यूट’ ही २००८ ची फिल्म जरूर बघ, तिघांच्याही मुलाखती आहेत आणि नॉर्मन बोलतो तेव्हा फार छान वाटतं, पण दिग्दर्शक मॅट नॉर्मन हा त्याचा पुतण्या आहे हे डोक्यात ठेवून बघ. घरच्या माणसाने केलेल्या फिल्मला जी ऊब असते ती बाहेरच्याला आणता येत नाही, आणि घरच्या माणसाला जे दिसत नाही ते त्यात नसतंच. एचबीओची १९९९ ची ‘फिस्ट्स ऑफ फ्रीडम’ मिळाली तर तीही बघ, एडवर्ड्सची संघटना तिथे जास्त नीट कळते.

नॉर्मनला मध्यभागी ठेवू का, याला माझं उत्तर नाही असं आहे. तो मोठा माणूस होता, पण काळ्या माणसांच्या लढ्याच्या फिल्ममध्ये गोरा माणूस हिरो झाला की प्रेक्षकाला फार आरामात रडता येतं, मग तो घरमालक, तो क्लब, ते सगळं विसरलं जातं. सॅन होजेच्या कॅम्पसमधला २००५ चा पुतळा बघ. त्यात दुसऱ्या नंबरची पायरी रिकामी आहे, आणि ती त्याच्याच सांगण्यावरून, की बघायला येणाऱ्याला तिथे उभं राहता यावं. त्याला स्वतःला जेवढी जागा घ्यावीशी वाटली तेवढीच फिल्ममध्ये दे.

आणि फ्रेमबाहेर राहिलेलं सगळ्यात मोठं नाव सांगू? वायोमिया टायस. जॉर्जियातल्या ग्रिफिन गावची, टेनेसी स्टेटची. पोडियमच्या आदल्याच दिवशी तिने शंभर मीटर जिंकलं, ११.०८, विश्वविक्रम, आणि १९६४ पाठोपाठ १९६८, म्हणजे लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर जिंकणारी जगातली पहिली व्यक्ती, बाई नव्हे, व्यक्ती. पुरुषांमध्ये हे कार्ल लुईसला जमेपर्यंत वीस वर्षं गेली. ती टीमची पांढरी चड्डी सोडून गडद रंगाची घालून धावली, तिचा तो निषेध होता, कोणाच्या लक्षातही आला नाही. रिलेचं सुवर्ण तिने आणि तिच्या मैत्रिणींनी हाकलून दिलेल्या स्मिथ-कार्लोसना अर्पण केलं. आणि हक्कांसाठी लढणाऱ्या त्या संघटनेने बायकांना कधी विचारलंच नव्हतं, काय करायचंय तुम्हाला म्हणून. मी आज ही फिल्म कापायला घेतली तर टायसपासून सुरू करीन, त्या काळ्या फ्रेमच्या आवाजानंतर लगेच, एक दिवस मागे जाऊन.

नंतरचा भाग पटकन सांगते कारण तो तुला सहज मिळेल. स्मिथ-कार्लोसना नोकऱ्या मिळेनात, धमक्यांचे फोन, घरं मोडली, पुढे स्मिथ कॉलेजात शिकवायला लागला, कार्लोस शाळेत समुपदेशक. अमेरिकन ऑलिम्पिक समितीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव यायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात २०१६ ला अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक वर्णद्वेषाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि २०१७ पासून त्याला एकाही टीमने घेतलं नाही. केपर्निकवर पंचविसातली दोन मिनिटं पुरे, नाहीतर फिल्म दोन विषयांत फाटेल.

आता गाइडचं ‘आपल्याकडचं’. ओढूनताणून नको, पण एक खरी जोड आहे आणि ती अठ्ठेचाळीस वर्षं आधीची आहे. पालवणकर बाळू, चांभार समाजातला, पुण्याच्या क्लबात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकून तयार झालेला डावखुरा स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराच्या वर विकेट्स. मैदानात बॉल त्याच्या हातात चालायचा, चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. सॅन होजेचा घरमालक आठव. पुढे १९२० च्या मुंबईच्या चौरंगी सामन्यात (हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ) बाळूला वगळलं आणि भाऊ विठ्ठलला डावलून कॅप्टनपद दुसऱ्याला दिलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निवेदन देऊन हिंदू संघातून बाहेर पडले. निवड समितीला नमावं लागलं, फायनलला बाळू उपकर्णधार झाला, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन. बहिष्कार, निवेदन, माघार, सगळं आहे बघ, फक्त फोटो नाही. मुठीचा तर नाहीच.

आणि बाळूलाही चकचकीत हिरो करू नकोस. १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभा राहिला आणि हरला. हे लपवलंस तर कोणीतरी पहिल्याच स्क्रीनिंगला उठून विचारेल, आणि विचारावंच.

फुटेज नसताना काय दाखवायचं? जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, स्कोअरकार्ड, आजचं जिमखान्याचं मैदान रिकामं, आणि एक मातीचं भांडं टेबलावर. अ‍ॅनिमेशन नको, प्लीज, आणि नाट्यरूपांतर तर अजिबात नको, धोतर नेसवून मित्राला पळवशील आणि सगळं हसण्यावारी जाईल. मेक्सिकोचं फुटेज ऑलिम्पिक समितीच्या मालकीचं असतं, डॉमिनिसच्या फोटोचेही हक्क आहेत, नेटवरून उतरवून फेस्टिव्हलला पाठवलंस तर अडकशील, कॉलेजपुरतं चाललं तरी परवानगीचा मेल आत्ताच टाकून ठेव, उत्तर यायला वेळ लागतो. म्हणूनही सांगतेय, फोटोवर फिल्म उभी करू नकोस, तो हातात येईलच असं नाही.

पहिली पाच मिनिटं जोडून झाली की यातलं काहीच माहीत नसलेल्या कोणाला तरी दाखव, आईला दाखव, आणि तो फोटो मध्ये न टाकता दाखव. कुठे मोबाइल बघायला लागते तिथे कट चुकलाय. मग मला पाठव, म्युझिक न घालता, राष्ट्रगीताचा ट्रॅक वेगळा ठेवून.